आज हात काय करणार? दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गासाठी सोपे खेळ

दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या वर्गावर नव्याने आलेल्या ताई पहिल्याच आठवड्यात विचारतात, "यांच्याकडून करून घ्यायचं तरी काय?" प्रश्न रास्त आहे. या मुलांना कात्री धरता येत नाही, खळ दिसली की ती चाटून बघतात, आणि गोल करून बसवलं तर गोल पूर्ण होईपर्यंत पहिलं मूल उठून गेलेलं असतं. मग मोबाइलवर पाहिलेलं कागदी फुलपाखरू करायला घेतलं जातं. मूल त्यावर एक ठिपका देतं आणि चालू लागतं. उरलेलं फुलपाखरू ताई आणि मावशी मिळून पूर्ण करतात, आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सगळी फुलपाखरं एकसारखी दिसतात.

यावरचा उपाय नियोजनाच्या वहीपासून सुरू होतो. वहीत "उद्या मासा" असं लिहू नका. "उद्या फाडणे", "उद्या ओतणे", "उद्या पिळणे" असं लिहा. या वयाच्या मुलाला मासा तयार होण्याशी काही देणंघेणं नसतं. एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत, तिथून परत पहिल्या वाटीत, असं ते कितीतरी वेळ करत राहतं, कारण मनगट किती वळवलं की धार पडते आणि किती वळवलं की सांडतं हे त्याचा हात शोधत असतो. पुढे बटण लावायचं, घास तोंडापर्यंत न सांडता न्यायचा, पेन्सिल धरायची, त्या सगळ्याची तालीम इथे चाललेली असते.

यासाठी महागडं साहित्य लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं, तेव्हा माँटेसोरी शिक्षणपद्धतीच्या महाग साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, माती असं गावात फुकट मिळणारं सामान आलं. ती वाट आजही आपल्या उपयोगाची आहे. फक्त तिथल्यासारखी बालवाडीतली मुलं आपल्या वर्गातल्या मुलांपेक्षा मोठी असतात. बिया आणि शिंपले जसेच्या तसे उचलून दीड वर्षांच्या मुलापुढे ठेवायचे नाहीत.

आधी सामान तपासा

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी घेताना एक नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती या वयाला धोक्याची धरतात, कारण ती घशात अडकू शकते. आपल्या हाताशी ती नळी नसली तरी दहा रुपयांचं नाणं असतं आणि ते २७ मिलिमीटर रुंद आहे. नाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी कुठलीही सुटी वस्तू बाद. किचन टिश्यूच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी मिळाली तर आणखी बरं. ती चाचणीच्या नळीपेक्षा रुंद असते, म्हणून तिच्यातून आरपार जाणारं सगळं बाजूला काढलं की चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

या हिशोबाने शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, मणी, बटणं आणि बाटल्यांची झाकणं कपाटात जातात. कडधान्याचं आणखी एक दुखणं असं की दाणा नाकात गेला तर ओलाव्याने तो आत फुगतो. असं झालंच तर चिमटा, पिन, काडी काहीही घालून काढायला जाऊ नका, दाणा आणखी आत सरकतो. पालकांना फोन करा आणि मुलाला डॉक्टरकडे न्या.

काही गोष्टी तर वर्गाच्या दारातूनच परत पाठवा. गुंज आणि एरंडाच्या बिया विषारी असतात. कण्हेर आणि धोतरा यांचं फूल-पान काहीच नको, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. कच्चा राजमाही विषारी आहे. पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत जेलीसारखे मणी बाजारात आकर्षक दिसतात, पण पोटात गेले तर आतड्यातही फुगतात. फुगे, थर्मोकोलचे दाणे, चमकी आणि बटण सेलवर चालणारं काहीही नको. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती डोळ्यात आणि श्वासात जाते. टाल्कम पावडरचंही तेच. विकतचं खेळणं घेणार असाल तर आयएसआय खूण पाहून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे.

आणि एवढं सगळं केल्यावरही लक्ष हवंच. वर्गातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, मावशींनी सुद्धा, घशात अडकल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण हाताने करून घेतलेलं असावं. व्हिडिओ पाहून ते येत नाही. तोंडात आत काय आहे हे दिसत नसताना बोट घालून ओढायला जायचं नाही, एवढं तरी आजपासून लक्षात ठेवा, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

मांडणी

खेळ फसतो तो बहुतेक वेळा मांडणीत. सगळ्या वर्गाला एकदम खेळ द्यायचा हा पहिला मोह सोडा. चार मुलं, एक परात किंवा टब, एक ताई. बाकीची मुलं ठोकळे, बाहुल्या, घसरगुंडी यांच्याजवळ मावशींबरोबर. चारांपैकी एक उठलं की पाचवं आपोआप येतं, बोलवावं लागत नाही.

१. खाली मेणकापड किंवा जुनी सतरंजी पसरा. सतरंजीची कड म्हणजे खेळाची हद्द. "पाणी सतरंजीवर" एवढाच नियम मुलांना पुरतो.

२. मुलं येण्याआधी सामान मांडून ठेवा. मुलं समोर बसली आहेत आणि ताई कपाटात गाळणं शोधतायत, एवढ्या वेळात रंगाची वाटी कोणाच्या तरी डोक्यावर असते.

३. प्रत्येक वस्तू जितकी मुलं तितकी, आणि एक जास्तीची. या वयात "वाटून घे" चालत नाही. एकच लाल पळी असेल तर त्या दिवशी खेळ पळीसाठीच्या भांडणाचा होतो, आणि भांडण चावण्यापर्यंत जातं.

४. सुरुवातीला ओतायला दोनच भांडी, मळायला एकच गोळा. सामान कमी असलं की मूल जास्त वेळ रमतं. दुसऱ्या दिवशी एक वस्तू वाढवा.

५. पुसायचं फडकं, हात धुवायची बादली आणि बदलायचे कपडे तुमच्या हाताच्या अंतरावर. बाबांचा जुना शर्ट उलटा घातला, म्हणजे बटणं पाठीवर, की झकास एप्रन होतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडून घ्या.

वेळेचं म्हणाल तर पाच मिनिटं बसलं तरी पुष्कळ. कधी एखादं अर्धा तास हलत नाही, त्याला हलवू नका. आणि एकच खेळ आठवडाभर ठेवायला मुळीच लाजू नका. रोज नवा खेळ हवा ही घाई मोठ्यांची असते.

ओतणे, पिळणे, गाळणे

पाण्यापासून सुरुवात करा. पाणी मळत नाही, चिकटत नाही, आणि रडणारं मूल पाण्यात हात घातला की पुष्कळदा शांत होतं. जूनमध्ये नवीन मुलं आईला धरून रडत असतात तेव्हा दाराजवळ ठेवलेला एक टब फार कामाला येतो. अडचण एवढीच की जूनमध्ये पाऊस असतो, कपडे वाळत नाहीत, म्हणून त्या दिवसांत बाह्या वर करून तळाशी इंचभर पाणी ठेवा आणि मनसोक्त भिजण्याचा खेळ मार्च-एप्रिलसाठी राखून ठेवा.

पसरट टबात चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. टबाजवळची ताई फोन घ्यायला, दार उघडायला, कशालाही उठणार नाही. उठायचं असेल तर आधी टब रिकामा करायचा. भरलेली बादली वर्गात कधीच नको.

पहिल्या दिवशी फक्त हात. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या. मग ओगराळं, चहाचं गाळणं, नरसाळं. स्टीलची लहान वाटी प्लॅस्टिकच्या कपापेक्षा बरी. तिचा आवाज येतो, आणि ती जड असल्यामुळे हाताला तिचं वजन कळतं. गाळणं आलं की मुलं बुचकळ्यात पडतात, कारण भरलं भरलं म्हणेपर्यंत ते रिकामं. तिथे काही समजावू नका. ती गाळण्याच्या खाली हात धरून बघतात, मग तोंडाजवळ नेऊन आरपार बघतात, मग पुन्हा भरतात.

यातला माझा सगळ्यात आवडता खेळ स्पंजचा. भांडी घासायचा नवा स्पंज, मऊ बाजूचा, मुलाच्या मुठीत मावेल पण तोंडात मावणार नाही एवढा कापायचा. डावीकडे पाण्याची वाटी, उजवीकडे रिकामी. स्पंज बुडवायचा, उचलायचा, दुसऱ्या वाटीवर पिळायचा. पहिल्यांदा मूल नुसतं दाबून बघतं, पाणी कोपरापर्यंत ओघळतं. मग दोन्ही हातांनी धरायला लागतं. हळूहळू कधीतरी पिळणं जमतं, अंगठा आणि बोटं एकमेकांकडे येतात आणि वाटीत धार पडते. पाणी संपलं की वाट्यांची अदलाबदल करून तेच पुन्हा. मुलांनी दाताने स्पंजचे तुकडे तोडू नयेत म्हणून रोज तपासा. कड विरली की तो फेकायचा.

सांडलेलं पाणी पुसणं हाही खेळच आहे, आणि कितीतरी मुलांना ओतण्यापेक्षा तोच जास्त आवडतो. प्रत्येकाला हातरुमालाएवढं फडकं द्या. उरलेलं पाणी कुंड्यांना घाला. जिथे टँकर येतो तिथे ओंजळभर पाण्यावरही हा खेळ होतो, मुलांना त्याची कमतरता वाटत नाही.

मळणे

विकतची रंगीत चिकणमाती इथे नको. वास चांगला येतो म्हणून ती हमखास तोंडात जाते. घरची कणीक चालेल असं वाटतं, पण कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि ही मुलं गोळा खाणार हे धरूनच चालायचं. म्हणून सगळ्यात लहान मुलांसाठी उकड करा. मोदकाची करतो तीच, सारणाशिवाय.

एक वाटी पाण्यात चमचाभर तेल घालून उकळी आणा. एक वाटी तांदळाची पिठी घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढा. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि कोमट असताना पाण्याचा हात लावत मळा. रंग हवा असेल तर उकळत्या पाण्यातच बीटचा रस किंवा पालकाचं गाळलेलं पाणी घाला. मुलांच्या हातात द्यायच्या आधी गोळा मोडून मधला भाग तुमच्या मनगटावर लावून पाहा, बाहेरून निवला तरी आत गरम असतो. कोणी चाटलं तर बिघडत नाही, आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलालाही तो देता येतो. दुपारपर्यंत त्याला चिरा पडतात, तोवर ओल्या फडक्याखाली ठेवायचा आणि रोज नवा करायचा.

हळद घालताना जपून. पिवळा रंग सुरेख येतो, पण कपड्यावरचा डाग साबण लावला की लालभडक होतो आणि दुसऱ्या दिवशी आई विचारायला येते की लागलं होतं का? खरं तर हा गमतीचा खेळ आहे: हळद लागलेले तळहात साबणाने धुताना लाल होतात आणि मुलं हात पुढे करून एकमेकांना दाखवतात. पालकांना आधी सांगून ठेवलं की झालं.

तोंडात घालायचं बंद झालेल्या मोठ्या मुलांसाठी मिठाचा गोळा करता येतो: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक चमचा तेल, पाऊण वाटीच्या आसपास पाणी. मिठामुळे तो बंद डब्यात बरेच दिवस टिकतो. पण एवढं मीठ पोटात जाणं वाईट, म्हणून दीड वर्षांच्या टेबलावर तो चुकूनही नको. पावसाळ्यात हाच गोळा हवेतलं पाणी ओढून चिकचिकीत होतो. मूठभर मैदा लावून पुन्हा मळावा लागतो.

आणि शाडू! गणपतीच्या आधी मूर्तिकारांकडे तो भरपूर असतो, एक गोणी आणून ठेवली की वर्ष निघतं. रात्री भिजवा, सकाळी मळा, खडे काढून टाका. शाडू हाताला गार लागतो, जड असतो, आणि बोट दाबलं की खूण तशीच राहते. उकडीत ती पुसट होते. सुरुवातीला काही मुलांना चिखल लागलेला हात सहन होत नाही. पोळ्याला किंवा बेंदराला मोठी मुलं मातीचे बैल करतात. आपल्या मुलांनी नुसता गोळा थापला, त्यात बोटं खुपसली तरी भरपूर झालं. पोर मातीत हात घालतंय आणि ताई शेजारी बसून देखणा बैल घडवतायत असं मात्र करू नका. तो बैल बघितला की पोरं हात आखडतात आणि "तू कर" म्हणत गोळा तुमच्याकडे ढकलतात.

मळताना बोला, पण प्रश्न विचारून भंडावू नका. "हा कोणता रंग? हा कोणता आकार?" यापेक्षा हात काय करतोय ते सांगा: दाबलंस, चपटा झाला, चिकटला, निघाला. मऊ, गार, बुळबुळीत, खरखरीत, पिठूळ, ओलसर, चिकट असे स्पर्शाचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. मुलाच्या हाताखाली ती गोष्ट असतानाच तो शब्द कानावर पडला तर तो राहतो.

फाडणे आणि चिकटवणे

दोन वर्षांच्या मुलाला कागद फाडता येत नाही, ते कागद ओढतं. फाडायला दोन हात दोन दिशांना जावे लागतात, आणि ते शिकावं लागतं. म्हणून कागदाच्या कडेला आधी तुम्ही बोटभर चीर देऊन ठेवा. मुलाने चिरेच्या दोन बाजू दोन हातांत धरल्या की एक हात आपल्याकडे, एक समोर, आणि टर्र असा आवाज. त्या आवाजावर मुलं इतकी खूश होतात की चिकटवायची आठवणही राहत नाही. हरकत नाही, फाडणे हाच त्या दिवसाचा खेळ.

वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं, तेव्हा चीर वरच्या कडेला द्या. मात्र त्याची शाई हाताला लागते. तोंडात बोटं घालणाऱ्यांना वह्यांना घालायचा खाकी कागद किंवा कोरा कागद द्यावा. जाड कार्डशीट या बोटांना झेपत नाही. पतंगी कागद फार सोपा फाटतो आणि संक्रांतीनंतर स्वस्तही मिळतो, फक्त ओला झाला की रंग सोडतो. तो रंगही कामाला आणता येतो: पांढऱ्या कागदावर पाण्याचा हात फिरवायचा, वर पतंगी कागदाचे तुकडे ठेवायचे, वाळल्यावर उचलले की खाली रंगाचे डाग उमटलेले. ना ब्रश, ना रंगाची बाटली.

चिकटवायला खळ. एक मोठा चमचा मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करा. रोज ताजी करा, दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येतो. पायऱ्या उलट्या ठेवायच्या: तुकड्याला खळ लावायची नाही, आधी खालच्या मोठ्या कागदावर मुलांनी हाताने खळ फासायची आणि मग त्यावर तुकडे टाकायचे. लहानशा तुकड्याला खळ लावून तो उलटा करणं मोठ्यांनाही कटकटीचं वाटतं.

सगळ्यांचा मिळून एकच मोठा कागद जमिनीवर चिकटपट्टीने लावा, वेगवेगळे छोटे कागद नकोत. दिवाळीत याच फाडलेल्या तुकड्यांतून वर्गाचा आकाशकंदील होतो. सांगाडा तुमचा, चिकटवणं मुलांचं. तुकडे एका बाजूला ढीगभर आणि दुसरी बाजू रिकामी राहिली तर राहू द्या.

रंग आणि ठसे

ब्रश नंतर. आधी बोटं. वाटीभर गार पाण्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवून दाट होईपर्यंत शिजवा, निवल्यावर त्यात बीटचा रस किंवा हळद मिसळा. थेट मोठ्या ताटात ओता आणि मुलांना त्यात हात फिरवू द्या. रेघोट्या ओढून झाल्यावर वर कागद दाबून उचलला की ठसा निघतो, पालकांना दाखवायला तोही पुरतो. रंगाच्या बाटलीवर "नॉन-टॉक्सिक" छापलेलं असलं तरी त्याचा अर्थ ते खायला चालतं असा होत नाही, म्हणून विकतचे रंग जरा मोठ्या मुलांनाच.

ज्यांना हात बरबटलेले अजिबात चालत नाहीत त्यांच्यासाठी हाच रंग जाड झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा, तोंड चिकटपट्टीने दोनदा बंद करा आणि पिशवी चारही बाजूंनी जमिनीला चिकटवा.

ठशांसाठी भेंडी उत्तम. देठाकडून दोन बोटं भाग ठेवून कापली की देठ धरायला होतं आणि कापलेल्या बाजूने फुलासारखा ठसा उमटतो. कापल्यावर फडक्याने टिपून घ्या, नाहीतर बुळबुळीने रंग पसरतो. बटाटा अर्धा कापून मागे धरायला मूठ ठेवता येते. ढोबळी मिरची चालते, पण तिखटाचा हात डोळ्याला लागायची भीती असते. मी ती वापरत नाही. रंग वाटीत ठेवला तर भाजी पूर्ण बुडते, म्हणून ताटलीत स्पंज ठेवून त्यावर रंग ओता. मुलं ठसा देत नाहीत, घासतात. "टप" म्हणून एकदा करून दाखवा आणि मग घासलं तरी बोलू नका.

आणखी थोडे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी झेंडूचे हार पडलेले असतात. दोरा काढून फुलं परातीत ओता. पाकळ्या ओरबाडण्यात सगळा वर्ग गुंग होतो.

कॉर्नफ्लोअर दोन वाट्या आणि पाणी एक वाटी न शिजवता कालवलं की मजेशीर प्रकार होतो: मूठ दाबली की घट्ट गोळा, सैल सोडली की बोटांतून वाहतो. हे कच्चं असतं, म्हणून तोंडात न घालणाऱ्यांनाच. उरलेलं मोरीत ओतू नका, नळी तुंबते. वाळवून कचऱ्यात टाका.

अडीच वर्षांपुढच्यांना हिवाळ्यात मटार सोलायला द्यावेत, एकावेळी दोन मुलं आणि ताई अगदी शेजारी. वासासाठी जाड सुती कापडाच्या घट्ट शिवलेल्या पुरचुंड्या: ओवा, वेलदोडा, सुंठ, गवती चहा. कापूर आणि डांबरगोळ्या मुळीच नकोत, दोन्ही पोटात गेले तर लहान मुलाला घातक. गिरवण्यासाठी काळ्या ताटात भाजलेला रवा.

धान्याच्या खेळाला पालकांचा विरोध होतो. अन्नाशी खेळायचं नाही, हे घरी शिकवलेलं असतं आणि त्यात गैर काही नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. धुऊन वाळवलेली वाळू ओतायला-चाळायला तांदळाइतकीच छान, आणि मुलांना तर ती जास्तच आवडते. फक्त वाळूचा कोपरा रात्री झाकून ठेवा, मांजरं येतात.

हात न लावणारं, फेकणारं, खाणारं मूल

काही मुलं दूर उभी राहून नुसती बघतात. त्यांचा हात धरून परातीत घालू नका. शेजारी बसू द्या, चमचा द्या, कोरडं फडकं द्या. बघता बघता काही दिवसांनी एक बोट येतं. महिने गेले तरी ओल्या, चिकट, खरखरीत सगळ्याच गोष्टींना मूल घाबरत असेल, कपड्याचा टॅग किंवा गवतही सहन होत नसेल, तर पालकांशी बोलून बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सुचवा. रोगाचं नाव स्वतः घेऊ नका.

फेकणाऱ्याला फेकायचं काम द्या: कापडी चेंडू आणि टोपली, सतरंजीच्या बाहेर. खाणाऱ्याच्या पुढ्यात खाण्यासारखंच सामान ठेवा, आणि खेळ खाऊच्या आधी लावू नका, भुकेलं मूल सगळंच चाखतं.

त्वचेवर चट्टे असलेली, इसब असलेली मुलं वर्गात एखाद-दुसरं असतंच. मीठ आणि लिंबू त्यांना झोंबतं. प्रवेशाच्या फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना असला तरी पहिल्या पालकसभेत तोंडी पुन्हा विचारा.

पालकांना काय द्यायचं

"आज काही केलं नाही का?" हा प्रश्न येणार. रोज कागद हातात देण्याऐवजी दाराशी फळ्यावर एक ओळ लिहा: आज आम्ही स्पंज पिळला. कागद घरी जातो तेव्हा मागे तारीख आणि मुलाने केलेली एक गोष्ट लिहा, उदाहरणार्थ "दोन्ही हातांनी फाडलं, डावा हात पुढे". पालक ते चित्रापेक्षा जास्त जपून ठेवतात. मुलाच्या कामावर डोळे काढणं, शेपटी जोडणं, रंग रेषेत आणणं तुमच्या हातून होणार नाही एवढं बघा. चेहरे दिसणारे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी लेखी परवानगी हवी.

पहिला आठवडा

नवीन वर्गावर आलात तर सोमवार-मंगळवार फक्त पाणी आणि हात. बुधवारी त्यात दोन वाट्या. गुरुवारी उकड, एका मुलाला लिंबाएवढ्या दोन गोळ्यांइतकी. शुक्रवारी पुन्हा उकडच, कारण गुरुवारी नुसतं बघणारी मुलं शुक्रवारी हात घालतात. फाडणं दुसऱ्या आठवड्यात, खळ तिसऱ्या, रंग त्यानंतर. रंग आधी आणले की पाणी फिकं पडतं.

शनिवारी मुलं नसतात तेव्हा स्पंज, फडकी, मेणकापड उन्हात टाका. शाडूवरचं फडकं ओलं करा. वाळूतले केस आणि दोरे चाळून काढा. आणि पुठ्ठ्याची ती नळी घेऊन सगळ्या टोपल्यांमधून एकदा फिरा. आठवडाभरात मोठ्या भावंडांच्या खिशातलं काय काय वर्गात आलेलं असतं ते तेव्हाच सापडतं.